दहा कोटी वर्षांचे अंतर

पत्नीच्या डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर परिचारिकेने तिला बाकावर बसवले आणि ‘मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत’ असे बजावले, तेव्हा त्याला करण्यासारखे काही उरले नाही आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दवाखाना चौथ्या मजल्यावर होता. खिडकी रस्त्यावर उघडत नव्हती. दोन इमारतींमध्ये हवेसाठी म्हणून सोडलेल्या अरुंद फटीत ती उघडत होती, आणि समोरच्या इमारतीची बिनखिडक्यांची पाठ इतकी जवळ होती, की वाकून हात लांब केला असता तर बोटे टेकली असती. भिंतीवर जुन्या पावसाचे काळे ओघळ होते, एक गंजलेला नळ होता, आणि खालून, जेथे ऊन बहुधा कधीच उतरत नसावे अशा जागेतून, एक वेल नळाला व भिंतीला चिकटत वर आली होती. ती त्याने तत्काळ ओळखली. नखाएवढी पाने, भिंतीवर चापून बसवल्यासारखी. कडा किंचित दुमडलेल्या. शिरा वाट चुकल्याप्रमाणे वाकड्यातिकड्या धावणाऱ्या. ही वेल जगात त्याच्या काचघरात होती आणि त्याने ज्या बागांना तिच्या फांद्या पाठवल्या होत्या त्या बागांत होती. अन्यत्र कोठेही नाही, असे त्यानेच छापलेले होते. म्हणून प्रथम त्याला जे वाटले तो आनंदच होता. परक्या गावात आपल्या आळीतला माणूस दिसावा आणि त्याच्याशी आपले फारसे पटत नसूनही त्याला हाक मारावीशी वाटावी, तसा काहीसा. मग त्याची नजर वेलीबरोबर वर गेली. छपराच्या कडेखाली, जेथे उन्हाचा एक पट्टा पडला होता, तेथे वेलीने भिंत सोडली होती. तिच्या फांद्या आपल्या बळावर बाहेर आल्या होत्या, त्यांवर तळहाताएवढी, जाड, तेल लावल्यासारखी चकाकणारी पाने होती, आणि शेंड्यांना हिरवट पिवळ्या फुलांचे गेंद लागून त्यांवर माश्या घोंघावत होत्या. ते कुंपणाचे झुडूप होते. या शहरात ते प्रत्येक कचेरीसमोर असते, प्रत्येक शाळेभोवती असते, कात्रीने चौकोनी कापलेले असते, आणि त्याच्याकडे वनस्पती म्हणून कोणी पाहत नाही.

अनुमानाची घाई त्याने आयुष्यात केली नव्हती. विद्यार्थी त्याला पाठीमागे ‘परंतु सर’ म्हणत, कारण दुसऱ्याचे कोणतेही वाक्य पुरे होण्याआधी त्याच्या ओठांवर परंतु येई. आणि हे नाव त्याला ठाऊक होते, नव्हे, मनातून आवडत होते. त्याने आपल्या डोळ्यांनाही परंतु म्हटले. दोन वेली असतील. एक चिकटणारी, दुसरी तिच्यावरून चढलेली. त्याने खिडकीची काच सरकवली, मान बाहेर काढली आणि खोडाचा माग घेतला. खोड एकच होते. नळाच्या दुसऱ्या कड्यापाशी ते भिंतीवरून सुटत होते. तेथवर शेवटचे नखाएवढे पान होते, त्यानंतर दोन-तीन पेरांवर अशी पाने होती की जी ना लहान ना मोठी, ना खरखरीत ना चकचकीत, वयात येणाऱ्या मुलाच्या आवाजासारखी कोठलीच नसलेली. आणि त्यापुढे कुंपण. जोड नव्हता. गाठ नव्हती. मग भास असेल, असे त्याने म्हणून पाहिले. परंतु भासात माश्या बसत नाहीत. तेव्हा एकच पक्ष उरला, आणि तो असा, की जे दिसते आहे तेच आहे. ही वेल म्हणजे त्या झुडपाचे बाळपण आहे आणि ते झुडूप म्हणजे या वेलीचे प्रौढपण आहे. यात आश्चर्य काही नव्हते. भिंतीवर चढणाऱ्या कितीतरी वनस्पती अंधारात एक रूप धरतात आणि उन्हात पोहोचल्यावर दुसरे. ते तो पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. आश्चर्य एवढेच, की हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

“काय बघताय एवढं?” पत्नीने मिटल्या डोळ्यांनी विचारले.

“भिंत.”

“बघा बघा. मला इथून पुढं भिंतीही दिसायच्या नाहीत.”

“अगं, तपासून तर होऊ दे.”

“तपासायला ते आहेत. बघणारी मी आहे ना. मला कळतं.”

वेल त्याला मिळाली तेव्हा तो नोकरीत नवा होता आणि त्याचे लग्नही झाले नव्हते. एका खोल घळीत, जेथे भर दुपारीही संधिप्रकाश असे, ती ओल्या खडकावर पसरली होती. फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याने मूठभर आणली. पुढे त्या घळीत धरणाचे पाणी चढले आणि परत जाऊन पाहण्याचा प्रश्न कायमचा मिटला. काचघरात वेल लागली, वाढली; परंतु फुलली नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, कधीच नाही. त्या काळी त्याला एकाच प्रश्नाने पछाडले होते. पृथ्वीवर सपुष्प वनस्पती आल्या त्या हळूहळू आल्यासारख्या दिसत नाहीत. खडकांच्या एका थरात त्या नाहीत आणि वरच्या थरात बघावे तर घर पाहुण्यांनी भरलेले, गवते, कमळे, वृक्ष, काटेझुडपे, सगळे एकदम. आणि कोणत्या वाटेने आलात असे विचारायला दारात कोणी उभे नाही. त्याने वेलीच्या खोडाचे छेद घेतले. खोडात पाणी वाहणाऱ्या नळ्या अरुंद होत्या, जवळजवळ सूचिपर्णी वृक्षांसारख्या. शिरांची मांडणी जीवाश्मांतल्या सर्वांत जुन्या पानांसारखी बेशिस्त होती. बाकी सारी लक्षणे सपुष्पांची. फक्त फूल नाही. तेव्हा त्याच्या मनात ते वाक्य तयार झाले, ज्याच्यावर पुढे त्याचे सगळे आयुष्य उभे राहिले: ही वनस्पती फुलणे विसरलेली नाही, ती अजून फुलणे शिकलेलीच नाही. फुलाचा शोध लागण्याच्या उंबरठ्यावर मूळ वंशापासून तुटलेली ही एक फांदी आहे. त्याने तिचे नाव अपुष्पा ठेवले. हसले लोक. मग फूल नाही, बी नाही, तर ती आजवर जगली कशी, असे विचारले. त्याने उत्तर दिले, सरपटून, मुळे टाकत, म्हणजे जशी समोर जगते आहे तशीच. मग तुमच्या काचघराच्या हवेमुळे फुलत नसेल, असे म्हणाले. त्याने फांद्या दूरदूरच्या बागांना पाठवल्या, थंड, उष्ण, समुद्राकाठच्या, डोंगरावरच्या, आणि एकाही बागेत ती फुलली नाही. एवढा निर्णायक पुरावा त्याच्या शास्त्रात क्वचितच कोणाला मिळाला असेल. हळूहळू हसणे थांबले. पाठ्यपुस्तकांत तळटीप आली, मग परिच्छेद आला, मग आकृती आली. आणि तो वर्गात डाव्या हातात वेलीची फांदी धरी, उजव्या हातात खिडकीखालच्या कुंपणातली एक डहाळी तोडून आणवून धरी, कारण कुंपणाच्या झुडपाइतकी पुढारलेली, सुधारलेली आणि सामान्य वनस्पती दुसरी हाताशी नव्हती, आणि म्हणे, “माझ्या या दोन हातांमध्ये दहा कोटी वर्षांचं अंतर आहे.” मुले टाळ्या वाजवत. एका हाताला दुसऱ्या हाताची ओळख पटवावी असे त्या टाळ्यांत काही होते की काय, हे त्याला तेव्हा सुचणे शक्य नव्हते.

कसे सुचावे? खिडकीपाशी उभा राहून तो आता ते सगळे उलगडू शकत होता आणि उलगडण्याची ती चपळाई त्याला स्वतःलाच ओंगळ वाटत होती. वेलीची छाटकलमे नेहमी खालच्या फांद्यांची करतात, कारण त्यांना मुळे आयतीच फुटलेली असतात. आणि बाळ फांदीचे कलम बाळच राहते. काचघरातला माळी वेल छताला लागू देत नसे. छताला लागली की ती काचांच्या फटीत शिरते आणि काचा उचकटतात, म्हणून तो तिचा शेंडा वरचेवर मारी आणि छाटलेले मागच्या कुंपणभिंतीपलीकडे फेकून देई. तो शेंडा कधी उन्हात पोहोचलाच नाही. बागांना पाठवलेल्या फांद्या त्याच रोपाच्या, त्याच खालच्या अंगाच्या. तो बागांचा पुरावा नव्हताच, तो एकाच साक्षीदाराला निरनिराळ्या खोल्यांत बसवून घेतलेला जबाब होता. आणि कुंपणाचे झुडूप? तेही पिढ्यान्‌पिढ्या छाटकलमांनीच वाढवलेले, परंतु वरच्या, फुललेल्या फांद्यांच्या. त्याला येथे बी धरत नाही. ज्या किड्यामुळे ते धरायचे तो किडा या हवेत नाही. म्हणून त्याचे बाळ कोणी पाहिलेले नव्हते. एका बाजूला कधी मोठे न होणारे मूल, दुसऱ्या बाजूला ज्याला बालपण नाही असा माणूस, आणि दोघांना जोडणारा मधला काळ कोणाच्याच हाती नव्हता, म्हणून त्याने तेथे दहा कोटी वर्षे घातली. आणि माळ्याने भिंतीपलीकडे फेकलेला एक कचरा, ज्याला कोणी पाणी घातले नाही, मापले नाही, नाव दिले नाही, तो नळ धरून चौथ्या मजल्यापर्यंत गेला आणि फुलला. काचघर ज्या संस्थेत होते तिच्या मागच्याच गल्लीत दवाखाना होता.

डॉक्टर शांत, थकलेल्या आवाजाचे होते. डोळ्यांतला दाब वाढला आहे, कडेची दृष्टी गेली आहे, मधली हळूहळू जाईल, असे त्यांनी सांगितले. “गेलेलं परत येत नाही. आहे ते जितकं टिकेल तितकं टिकवायचं.” त्याने मान हलवली. त्याच्या कानांवर शब्द पडत होते आणि तो पेरे मोजत होता: हे लहान पान, हे मधले, हे मोठे. पत्नीने मात्र प्रत्येक शब्द ऐकला आणि थेंब किती वेळा घालायचे हे दोनदा विचारून घेतले. खाली उतरताना तिने त्याचा दंड धरला होता. धरण्याची तिची पद्धत बदलली होती. पूर्वी ती धरत असे, आता ती पकडत होती. त्याच्या मनात आले, आपल्याला दुःख व्हायला हवे, आणि ते होते आहे. परंतु ते कशाचे आहे हे वेगळे काढता येत नाही. चांगल्या माणसाला ते काढता आले असते.

रस्त्यावर ऊन होते. ती डोळ्यांवर हात धरून चालत होती. बँकेच्या इमारतीसमोर ते झुडूप चौकोनी उभे होते, त्याच्या पानांवर धूळ होती, आणि तो थांबला.

“काय झालं?”

त्याने सांगितले. रस्त्यात उभे राहून, वाहनांच्या आवाजात, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष न मांडता. वर्गात कोणी असे सांगितले असते तर त्याने त्याला खाली बसवले असते. ती ऐकत राहिली. लग्न झाल्यापासून ती त्या वेलीला सवत म्हणत असे. बाहेरगावाहून परतला की तो घरी येण्याआधी काचघरात जाई, तेव्हापासूनची ती थट्टा होती, आणि थट्टेतली धार झिजून झिजून आता तिचे लाडके नाव झाले होते.

“म्हणजे,” ती म्हणाली, “इतकी वर्षं मला कुंपण सवत होतं?”

तिला हसू आले. खरे हसू, खांदे हलत होते. त्यालाही हसावेसे वाटले आणि ते तोंडापर्यंत येऊन थांबले.

“कोणी बघितलंय का आणखी?” तिने विचारले.

“नाही. खालून दिसत नाही. वरच्या खिडकीत येतात ते सगळे डोळे मिटून बसलेले असतात.”

“मग सोडा की. माझ्यासारखं करा. मिटा.”

“थट्टा करू नकोस.”

“थट्टा नाही करत.” मग तिने हात डोळ्यांवरून काढला आणि त्याच्या चेहऱ्याच्या दिशेने, थोडे बाजूला, पाहिले. “आणि मुंगीचं काय हो?”

तोच प्रश्न होता. खिडकीपासून येथवर तो ज्याच्याभोवती फिरत आला होता तो हाच. मुंगी ही त्याची शिष्या. हे नाव त्यानेच ठेवले होते. आपल्याहून मोठा दाणा तोंडात धरून ती सरळ रेषेत चालत राही, म्हणून. ती आली होती गवतांवर काम करायला. गवतांचे तिला वेड होते. फुलाने पाकळ्या टाकून दिल्या, रंग टाकला, गंध टाकला, आणि वाऱ्यावर भरवसा ठेवून निम्मी पृथ्वी जिंकली, हे ती अशा काही आवाजात सांगे की ऐकणाऱ्याला आपणही काही टाकून द्यावे असे वाटे. त्याने तिचे मन वळवले होते. गवतांना माणसे खूप आहेत, अपुष्पेला कोणी नाही, असे म्हणाला होता. तिने आपली तरुण वर्षे वेलीच्या खोडाचे छेद घेण्यात घालवली. अरुंद नळ्यांची जी मोजमापे आज तिच्या नावाने उद्धृत होतात ती त्याच वर्षांतली होती. इतकी वर्षे ती हंगामी नेमणुकीवर होती. आता त्याची जागा रिकामी होणार होती आणि येत्या गुरुवारी निवड समितीपुढे ती आपले काम मांडणार होती. ते काम म्हणजे अपुष्पा, आणि अपुष्पेशिवाय दुसरे काहीही नव्हे. समितीला हे कळले तर ती जागा तिला मिळणार नाही. न कळले तर मिळेल, आणि मग ती तीस वर्षे एका कुंपणाच्या बाळपणावर व्याख्याने देईल, आणि कधीतरी कोणीतरी डोळे न मिटता त्या खिडकीत उभे राहील. दोन्ही बाजूंना परंतु म्हणता येत होते. त्यामुळेच त्याचा काही उपयोग नव्हता.

“सांगून टाका तिला,” पत्नी म्हणाली. “मला डॉक्टरांनी सांगितलं ना तोंडावर? मेले का मी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच दवाखान्यात गेला. दारातल्या बाईने त्याला ओळखले नाही. “नंबर लावा.” नंबर नको, खिडकी हवी, असे त्याने सांगितल्यावर तिने त्याच्याकडे नीट पाहिले. “आजोबा, उडी मारायची असली तर समोरचं हॉस्पिटल बरं. सहा मजले आहेत.” त्याने वेलीचे सांगितले. “ती? आम्ही मालकाला किती वेळा म्हटलं काढ म्हणून. माश्या येतात. न्या, सगळी न्या.” ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तो बाहेर वाकला तेव्हा तिने न विचारता त्याच्या कोटाचे मागचे टोक मुठीत धरले. फांदी चाकूला सहज आली. तुटल्या जागेतून जो वास आला तो काचघराचा होता, आणि फुलांना येत होता तो कचेऱ्यांच्या दारांचा. त्याने फांदी ओल्या रुमालात गुंडाळली आणि ती कोटाखाली छातीशी धरून तो मागच्या गल्लीने संस्थेत गेला. आपण बरोबर करतो आहोत, हे त्याला ठाऊक होते. बरोबर करण्यात जो एक कोरडा, टणक आनंद असतो, ज्याच्यावर तो आजवर जगला होता, तो आपल्याला का होत नाही याचा तो जिना चढताना विचार करत होता.

मुंगी सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. टेबलावर काचपट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या.

“सर? गुरुवारची तयारी विचारायला आला असाल तर आधीच सांगते, मला काहीही येत नाही.”

“बस तू. काम आहे.”

“बसलेलीच आहे.”

त्याने सांगितले. या वेळी क्रमाने, आधी निरीक्षण, मग शक्यता, मग निष्कर्ष. ती न हलता ऐकत होती आणि तिची बोटे एक काचपट्टी सरळ करत होती, जी सरळच होती.

“दोन वेली असतील,” ती म्हणाली.

“नाहीत.”

“सर, तुम्हीच सांगायचात, भिंतीवरच्या वेलीचं खोड शोधत गेलं की माणूस शेजाऱ्याच्या घरात शिरतो. परंतु समजा एक आहे. तर मग नळ्यांचं काय? वेलीच्या नळ्या अरुंद, झुडपाच्या रुंद. माझी मोजमापं आहेत. एकाच वनस्पतीत एवढा फरक कसा?”

“बाळ खोडात अरुंद असतात. वयानं रुंद होतात.”

“किती? त्याला काही प्रमाण आहे ना? आणि पानांच्या शिरा? परंतु तेही सोडा. घळीतली वेल आणि ही वेल एकच, हे कशावरून? घळ पाण्याखाली आहे. तुमच्या माळ्यानं फेकलेलीच ही, हे तुम्ही पाहिलंत? नाही. अनुमान आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. वाक्याच्या कोणत्या जागी थांबायचे, कोठे प्रतिपक्षाला एक पाऊल देऊन दोन घ्यायचे, कोठे आवाज खाली आणायचा, सगळे त्याचे होते. त्याने हे तिला दिले होते आणि ती ते सुंदर वापरत होती. एक मुद्दा तर त्याला सुचला नव्हता इतका चांगला होता. त्याला अभिमान वाटला. तो अभिमान इतका अनाहूत आणि इतका खरा होता, की त्याने घाईने कोटातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला.

फांदी थोडी मलूल झाली होती. खाली नखाएवढी पाने, मध्ये ती कोठलीच नसलेली, वर कुंपण, शेंड्याला फुले. एक माशी रुमालातून आली होती, ती उडाली. मुंगीने फांदी उचलली, भिंगाखाली धरली आणि पेरापेराने वर सरकवू लागली. खिडकीबाहेर कोणी तरी बादली ओढत नेत होते. मधल्या पेरापाशी ती थांबली. तिने तेथे साल नखाने किंचित सोलली, पुन्हा पाहिले, फांदी फिरवली, पुन्हा पाहिले. तिच्या मानेवर कानाखाली लाली चढत गेली. ती लाली त्याला माहीत होती. छेदात जे दिसायला हवे ते दिसले की ती चढत असे, बोलण्याच्या आधी, आणि ती कधी चुकली नव्हती. आता ती म्हणेल, असे त्याला वाटले. म्हणाली की संपले. संपावे. तिने म्हणावे. ती तरुण आहे, ती गवतांकडे परत जाईल, वाऱ्यावर भरवसा ठेवणाऱ्या वनस्पतींकडे. जागा जाईल, परंतु जागा काय...

“दोन आहेत,” मुंगी म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती.

“कुठे?” त्याने विचारले.

“इथे. एक दुसऱ्यात रुतली आहे. साल एक झालीय, म्हणून एक वाटते.”

“मला बघू दे.”

“बघा ना.” तिने भिंग पुढे केले नाही. “सर, तुम्ही काल दिवसभर दवाखान्यात होतात. बाईंचं असं झालं. झोप झाली का तुमची?”

“झाली.”

“तुम्ही निवृत्त होताय,” ती हलक्या आवाजात म्हणाली, जणू ही त्याला न माहीत असलेली आणि जपून सांगायची गोष्ट होती. “मी कुठे जाऊ?”

तिच्या आवाजात कांगावा नव्हता आणि विनवणीही नव्हती. एखाद्या ठिकाणी कसे जायचे हे विचारावे तसा तो प्रश्न होता, आणि त्याने उत्तर शोधले. वनस्पतींच्या दोनअडीच लाख जातींची सारी वर्गवारी त्याच्या डोक्यात होती, कोणती कोठून निघाली आणि कोणाच्या शेजारी जाऊन बसली. या मुलीने येथून निघून कोठे जावे हे त्यात नव्हते. त्याला दिसले, की तिने पाहिले आहे. त्याला हेही दिसले, की आता ती कधीच पाहणार नाही. आणि उद्या समितीपुढे, परवा वर्गात, आणि त्याच्यामागून पुष्कळ वर्षे, ती हे इतक्या उत्तम युक्तिवादाने न पाहील की कोणाला शंका येणार नाही. विरोध करायला त्याच्यापाशी एक वाक्य होते आणि ते खरे होते. त्याने तोंड उघडले. आणि तेवढ्यात त्याला आपल्या छातीत, आतापर्यंत फांदी धरली होती त्या जागी, काहीतरी सैल होत गेल्याचे जाणवले, ऊबदार, लाजिरवाणे, तापातून उठल्यानंतरच्या घामासारखे. ती सुटका होती. तिने ‘दोन’ म्हटले त्या क्षणापासून ती तेथे होती, आणि आपण सत्य सांगायला आलो होतो की कोणीतरी आपल्याला नाही म्हणावे म्हणून आलो होतो, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. आयुष्यात प्रथमच त्याने एक प्रश्न मनात येऊन न विचारता जाऊ दिला.

मुंगीने खणातून ब्लेड काढले. फांदी लाकडी फळीवर आडवी ठेवली, मधल्या पेराच्या बरोबर खाली धार टेकवली आणि एका दाबात कापली. काप स्वच्छ होता. तंतू ओढला गेला नाही. मधली, कोठलीच नसलेली पाने तिने एकेक करून खुडली आणि पायाशी टोपलीत टाकली. मग दोन जाड पांढरे कागद घेतले. एकावर फुलांचा तुकडा मांडला, दुसऱ्यावर भिंतीचा.

“एका कागदावर दोन वनस्पती नकोत,” ती म्हणाली. “पुढच्या माणसाचा घोळ होतो.”

ती पाने कागदावर नीट पसरवत होती, एक उलटे ठेवून, म्हणजे मागच्या शिरा दिसाव्यात. कोपऱ्यात तिने वेलीचे नाव लिहिले, जे त्याने दिले होते, आणि तारीख घातली. मग लेखणी थांबली.

“ठिकाण काय लिहू, सर?”

खिडकीखाली माळी कात्री चालवत होता. तिची कचकच ऐकू येत राहिली.

“काचघर,” तो म्हणाला, आणि लिहिताना कागद सरकू नये म्हणून त्याची कड दोन बोटांनी दाबून धरली.